हेडलाइट बदलण्याआधी गाडीखाली बघा : लेव्हलिंग सेन्सरची तपासणी आणि निगा

डिकीत सोयाबीनचे चार कट्टे पडले, मागच्या सीटवर तिघे बसले आणि गाडी रात्री हायवेला लागली, की समोरून येणारा जो तो अप्पर मारायला लागतो. आपण तर डिप्परवरच, म्हणजे खाली झुकलेल्या उजेडावरच असतो. होतं असं, की वजनानं गाडीची मागची बाजू दबते, पुढचं तोंड वर उचललं जातं आणि डिप्परचा उजेड रस्ता सोडून थेट समोरच्याच्या डोळ्यांत शिरतो. हे टाळण्यासाठी बऱ्याच नव्या गाड्यांना, विशेषतः जास्त उजेडाच्या एलईडी किंवा झेनॉन दिव्यांच्या गाड्यांना, हेडलाइट आपोआप खाली-वर करणारी, म्हणजेच लेव्हलिंगची, यंत्रणा दिलेली असते. गाडी किती दबली हे ती एका छोट्या सेन्सरवरून ओळखते. आणि हा सेन्सर बसवलेला असतो चाकाजवळ, गाडीच्या पोटाखाली, चिखल-धुळीच्या अगदी वाटेत.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. ‘हेडलाइट गेला’ म्हणून गॅरेजला आलेल्या गाडीत दोष कित्येकदा दिव्यात नसतोच. तो सेन्सरला जोडलेल्या दांडीत असतो, वायर जोडायच्या कपलरमध्ये असतो, नाहीतर नुसत्या वाळलेल्या काळ्या मातीत असतो. एलईडीचा अख्खा हेडलाइट किती महाग पडतो हे ज्यानं एकदा बिल भरलंय त्याला विचारा. म्हणून दिव्याला हात लावण्याआधी गाडीखाली बघायची सवय लावा.

अडीच सेंटिमीटरचा हिशोब

डिप्परचा उजेड नाकासमोर सरळ जात नाही, तो किंचित खाली झुकवलेला असतो. बहुतेक कारमध्ये हा झुकाव १ ते १.५ टक्क्यांच्या दरम्यान असतो. हेडलाइटवर किंवा बॉनेटखालच्या स्टिकरवर दिव्याच्या चिन्हाशेजारी तो आकडा छापलेला सापडतो. १ टक्का म्हणजे १० मीटर अंतरावर १० सेंटिमीटर खाली.

आता कारच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर धरा अडीच मीटर. मागची बाजू फक्त २.५ सेंटिमीटर दबली तरी गाडी १ टक्क्यानं मागे कलते. म्हणजे कंपनीनं दिलेला झुकाव बराचसा किंवा सगळाच तिथे संपला. चार कट्टे आणि तीन माणसं बसल्यावर गाडी यापेक्षा जास्तच दबते.

याच्या उलटही होतं. सेन्सरकडून येणारा सिग्नल तुटला किंवा विचित्र आला, तर कित्येक गाड्यांचं कंट्रोल युनिट (दिव्यांना हुकूम देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) दिवे मुद्दाम खाली घालून ठेवतं, म्हणजे निदान समोरच्याला त्रास नको. पण मग आपल्यालाच दिसत नाही. ७० सेंटिमीटर उंचीवरचा दिवा १ टक्का झुकलेला असेल तर उजेडाची कड ७० मीटरवर रस्त्याला टेकते. तोच २.५ टक्के झुकला तर २८ मीटरवर. ताशी ८० किलोमीटरच्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, आणि समोरचं दिसल्यापासून गाडी थांबेपर्यंत कोरड्या, चांगल्या रस्त्यावरही ५५ ते ६० मीटर सहज लागतात. गाळप हंगामात बीड, धाराशिव, लातूर, परभणीच्या रस्त्यांवर मागे लाल दिवा तर सोडाच, रिफ्लेक्टरही नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रात्रभर चालतात. त्या २८ मीटरवर दिसून उपयोग नाही.

तुमच्या गाडीला सेन्सर आहे का?

डॅशबोर्डवर स्टिअरिंगच्या उजव्या हाताला ० ते ३ आकडे असलेलं छोटं चाक बघा. ते असेल तर तुमची लेव्हलिंग हातानं करायची आहे. वजन वाढलं की आकडा वाढवायचा, दिवे खाली येतात. अशा गाडीत हा सेन्सर नसतो. तुम्हाला भिंतीवरची चाचणी तेवढी उपयोगी पडेल, आणि एवढं केलंत तरी पुष्कळ झालं, कारण ते चाक कशाचं आहे हे कित्येक गाडीमालकांना माहीतच नसतं.

चाक नसेल तर गाडीबरोबर आलेलं पुस्तक उघडा. काही गाड्यांत सुरू केल्या केल्या दिवे भिंतीवर खाली जाऊन पुन्हा वर येताना दिसतात. तसं दिसलं तर यंत्रणा स्वयंचलित आहे असं समजा. अशा गाड्या आता आपल्याकडेही पुष्कळ दिसतात, त्यामागे युरोपात वापरल्या जाणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या ४८ क्रमांकाच्या नियमावलीचाही वाटा आहे. डिप्परचा दिवा २००० ल्युमेनपेक्षा (ल्युमेन हे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेडाचा असेल तर आपोआप लेव्हल होणारी यंत्रणा हवीच, अशी अट त्यात घातलेली होती.

रचना सोपी आहे. काडेपेटीएवढा एक डबा गाडीच्या सांगाड्याला बोल्टनं बसवलेला असतो. त्यातून एक आडवी पट्टी बाहेर येते, तिच्या टोकाला एक बारीक उभी दांडी, आणि त्या दांडीचं दुसरं टोक लोअर आर्मला (चाक सांगाड्याला जोडणारा खालचा दांडा) किंवा मागच्या एक्सलला. दांडीच्या दोन्ही टोकांना छोटे बॉल जॉइंट, म्हणजे सगळीकडे फिरणारे गोल सांधे असतात. गाडी दबली की दांडी पट्टीला फिरवते आणि पट्टी किती फिरली त्यानुसार डब्यातून निघणारा सिग्नल बदलतो. तो कंट्रोल युनिटकडे जातो आणि ते हेडलाइटमधल्या छोट्या मोटरला किती फिरायचं ते सांगतं. काही गाड्यांत एकच सेन्सर असतो, मागे. काहींत पुढे एक आणि मागे एक.

पहिलं काम : भिंतीवरची चाचणी

हे काम घरी होतं, पान्हासुद्धा लागत नाही. दिवस मावळल्यावर, जिनिंगची, शाळेची किंवा गोदामाची एखादी पांढरी, सपाट भिंत बघा.

आधी टायरची हवा भरून घ्या. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असते तेवढी, अंदाजानं नाही. डिकी रिकामी करा, ड्रायव्हरच्या सीटवर एक माणूस बसू द्या. गाडी भिंतीसमोर अशी लावा की हेडलाइट भिंतीपासून बरोबर ५ मीटरवर येतील आणि गाडी भिंतीला काटकोनात राहील.

आता जमीन सपाट आहे का ते बघा, कारण इथंच सगळी चाचणी फसते. वर सांगितलेला हिशोब जमिनीलाही लागू आहे : पुढच्या आणि मागच्या चाकाखालच्या जमिनीत २.५ सेंटिमीटरचा फरक असला तर मोजमापात १ टक्क्याची चूक झालीच. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. गवंड्याकडची पाण्याची लेव्हल ट्यूब मागून आणा. तिचं एक टोक मागच्या चाकाशी, एक पुढच्या चाकाशी धरून जमिनीपासून पाण्याची उंची मोजा. मग तेच पुढचं चाक आणि भिंतीचा पायथा यांच्यात करा. फरक बोटाच्या जाडीपेक्षा जास्त आला तर जागा बदला. पेट्रोल पंपाचं काँक्रीट किंवा मंगल कार्यालयाची फरशी बरी पडते, पण तिथेही पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो, म्हणून मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका.

जमिनीपासून हेडलाइटच्या मध्यापर्यंतची उंची मोजून तेवढ्याच उंचीवर भिंतीवर खडूनं आडवी रेघ मारा. तिच्या खाली ५ सेंटिमीटरवर दुसरी रेघ. हा झाला १ टक्का. स्टिकरवर १.२ टक्के लिहिलं असेल तर दुसरी रेघ ६ सेंटिमीटर खाली.

गाडी सुरू करा (बंद शेडमध्ये नको, धूर कोंडतो), डिप्पर लावा आणि अर्धा मिनिट थांबा. भिंतीवर उजेड आणि अंधार यांची स्पष्ट कड दिसेल. आपल्याकडे गाड्या डाव्या बाजूनं चालतात, म्हणून ही कड उजवीकडे सपाट असते आणि डावीकडे वर चढते, कडेचा माणूस आणि पाटी दिसावी म्हणून. मोजायची ती उजवीकडची सपाट कड. एका वेळी एकच दिवा बघा, दुसऱ्यासमोर पुठ्ठा धरा. दिव्यावर कापड टाकू नका, काच तापते. कड दुसऱ्या रेघेच्या आसपास हवी. जिथे असेल तिथे खूण करून ठेवा.

खरी चाचणी पुढे आहे. दोघा-तिघांना डिकीच्या कडेवर बसवा किंवा पोती टाका. कड आधी वर सरकेल. सेन्सर ठीक असेल तर काही सेकंदांत ती पुन्हा खाली येऊन जुन्या खुणेजवळ थांबेल. साध्या यंत्रणा मुद्दाम सावकाश चालतात, नाहीतर प्रत्येक खड्ड्याला दिवा नाचत राहिला असता. म्हणून अर्धा-एक मिनिट धीर धरा.

दोन्ही दिवे खुणेवर आले तर सगळं ठीक, गाडी धुऊन ठेवली तरी पुरे. दोन्ही वरच राहिले तर सेन्सर, दांडी, कपलर, वायरिंग, फ्यूज किंवा कंट्रोल युनिट, यांपैकी कुठेतरी दोष आहे, आणि सुरुवात दांडीपासून करायची. एक आला आणि एक राहिला तर सेन्सरला दोष देऊ नका. सिग्नल दोघांना एकाच ठिकाणाहून जातो, त्यामुळे राहिलेल्या दिव्याची मोटर किंवा तिची वायर तपासा. दिवे आधीपासूनच फार खाली असून हलतच नसतील तर कंट्रोल युनिटनं चूक ओळखून ते खाली धरलेत. आणि वजन टाकल्यावर कड खाली येण्याऐवजी आणखी वर चढली, तर कुणीतरी सेन्सरची पट्टी उलटी बसवली आहे. शॉकअप किंवा लोअर आर्मच्या कामानंतर असं झालेलं दिसतं.

गाडीखाली जाताना

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालू नका. जॅक सरकतो. विटांची चळत तर वजनानं फुटते, दगड निसटतो. स्टँड लावा, नाहीतर सरळ रॅम्प किंवा खड्डा असलेल्या गॅरेजला जा. दुसऱ्या चाकांना ओंडके लावा. मला रॅम्पच पसंत आहे, आणि त्याला आणखी एक कारण आहे : चाकं जमिनीवर टेकलेली असतील तरच सेन्सरची पट्टी खऱ्या जागी असते. जॅकवर चाक लोंबतं, दांडी ताणली जाते आणि घेतलेलं कुठलंही माप खोटं येतं.

टॉर्च घेऊन दांडी शोधा. दोन्ही टोकं जागेवर बसलेली आहेत का? वाकली आहे का? बऱ्याच गाड्यांत ती प्लॅस्टिकची असते आणि शेतरस्त्यावरच्या दगडानं, पऱ्हाटीच्या खुंटानं किंवा जॅक चुकीच्या जागी लावल्यानं मोडते. बॉल जॉइंटची रबरी टोपी फाटली असेल तर आत माती गेलीच समजा. डबा ज्या पत्र्यावर बसवलाय तो वाकलेला असेल तर सेन्सर चांगला असूनही माप चुकतं. मग वायर बघत कपलरपर्यंत या. शेतातल्या आखाड्यावर किंवा कडब्याच्या गंजीजवळ गाडी उभी राहत असेल तर उंदरांनी वायर कुरतडली आहे का, हे आवर्जून बघा.

काळी माती कशी काढायची

आपल्या काळ्या मातीचा चिखल ओला असताना चिकटतो आणि वाळला की टणक होतो. पाणंदीतून आलेल्या गाडीच्या लोअर आर्मवर तो थरावर थर बसतो, आणि त्या थरात ही बारीक दांडी आणि पट्टी अडकून बसतात. गाडी दबते, पण पट्टीला फिरायला जागाच नसते. कधी उलटं होतं : चाक जोरात खाली-वर झालं की अडकलेली दांडी मोडते. म्हणून चिखल ओला असतानाच धुतलेला बरा.

वाळला असेल तर खरवडू नका. स्क्रूड्रायव्हरनं खरवडताना रबरी टोपी फाटते, मग दुरुस्ती वाढते. साध्या पाण्यानं भिजवून अर्धा तास ठेवा, मऊ झाला की जुन्या टूथब्रशनं काढा. वॉशिंग सेंटरला सांगा, प्रेशर गन या भागावर मारायची तर दोन हात लांबून, आणि कपलरवर थेट अजिबात नाही. त्या दाबानं पाणी सीलच्या आत शिरतं. ते लगेच काही करत नाही, दोन-तीन महिन्यांनी पिनांवर हिरवट-पांढरा थर उठतो आणि दिवा मनाला येईल तसा वागायला लागतो.

पावसाळ्याआधी गाडीखाली जळकं ऑइल किंवा डिझेल मारून घ्यायची पद्धत आपल्याकडे आहे. लोक ते गंजापासून वाचवण्यासाठी करतात, हेतू चांगला आहे, पण सेन्सरवर ते पडू देऊ नका. रबर फुगतं, आणि तेलकट भागावर धूळ बसून आठवड्याभरात काळा लगदा तयार होतो. गंजरोधक कोटिंग करून घेताना तर सेन्सर, पट्टी आणि दांडी यांना प्लॅस्टिक पिशवी आणि टेप लावून झाकायला सांगा. समोर उभं राहून सांगा. कोटिंग वाळल्यावर पट्टी जागच्या जागी जाम झालेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत, आणि तिथे सेन्सर बदलण्यावाचून इलाज राहत नाही.

धुऊन, वाळवून झालं की बॉल जॉइंटवर सिलिकॉन स्प्रेचा एक हलका फवारा पुरे. चाकाला घालायचं घट्ट ग्रीस इथे नको. कपलर काढायचा तर आधी गाडीची चावी बंद, लॉक दाबून सरळ ओढायचा, वायरला धरून नाही. आत थर दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पूर्ण वाळू द्या, सीलला थोडं सिलिकॉन ग्रीस लावा आणि टक असा आवाज येईपर्यंत बसवा. पेट्रोलनं धुवायचं नाही.

मीटर लावायचा असेल तर

मल्टिमीटर हाताळता येत असेल तरच पुढे जा. बहुतेक सेन्सरना तीन वायर वापरात असतात : ५ व्होल्टचा पुरवठा, अर्थिंग आणि सिग्नल. कपलर जागेवर ठेवून, मागच्या बाजूनं बारीक पिन सरकवून, चावी चालू करून मोजा. पुरवठ्यावर ५ व्होल्ट हवेत. ते नसतील तर सेन्सर बदलून काही होणार नाही, दोष वायरिंगमध्ये किंवा त्याच्या मागे आहे. सिग्नल साधारण ०.५ ते ४.५ व्होल्टच्या मध्ये कुठेतरी असतो.

मग दांडीचं खालचं टोक सोडवा. सोडवण्याआधी पट्टी कोणत्या दिशेला आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि मार्करनं खूण करा, उलटी बसण्याचा प्रश्नच मिटतो. पट्टी हातानं अलगद फिरवत व्होल्ट बघा. ते सलग वाढले किंवा कमी झाले पाहिजेत. मध्येच उडी मारत असतील, शून्य होत असतील किंवा हलतच नसतील, तर सेन्सर गेला. शेवटच्या टोकापलीकडे पट्टी रेटू नका. नव्या काही गाड्यांत सिग्नल डिजिटल असतो, तिथे मीटरवर काही कळत नाही. स्कॅनर (कंट्रोल युनिटमधली माहिती वाचणारं यंत्र) लावून लाइव्ह डेटामध्ये उंचीचा आकडा बदलतो का, ते पाहावं लागतं.

आणि वायरमनच्या हातातला बल्बचा टेस्टर इथे लावू देऊ नका. १२ व्होल्टच्या जुन्या वायरिंगला तो ठीक आहे. सेन्सरच्या या नाजूक लाइनमधून बल्ब जेवढा करंट ओढतो, त्यानं कंट्रोल युनिट खराब होऊ शकतं.

बदलल्यानंतरचं कॅलिब्रेशन

नवा सेन्सर बसवून गाडी हातात दिली म्हणजे काम झालं असं नाही. गाडी रिकामी असताना पट्टी कुठे असते, हे कंट्रोल युनिटला नव्यानं शिकवावं लागतं. त्यासाठी सपाट जागा, टायरमध्ये बरोबर हवा, रिकामी डिकी आणि त्या गाडीला चालणारा स्कॅनर लागतो. क्रम महत्त्वाचा : आधी स्कॅनरनं कॅलिब्रेशन, मगच हेडलाइटच्या मागच्या स्क्रूनं उजेडाची उंची लावणं. उलटं केलं तर स्क्रूनं लावलेलं सगळं कॅलिब्रेशनमध्ये हलतं. आणि सेन्सर बिघडलेला असताना नुसते स्क्रू फिरवून दिवा ‘बरोबर’ करणं तर करूच नका. रिकाम्या गाडीत तो बरोबर दिसेल, पोती टाकली की पुन्हा तेच.

स्प्रिंग, शॉकअप, लोअर आर्म, कंट्रोल युनिट किंवा हेडलाइट यांपैकी काहीही बदललं तरी कॅलिब्रेशन तपासून घ्या. आपल्याकडे मागच्या स्प्रिंगमध्ये रबरी बफर घालून गाडी उचलतात, म्हणजे माल टाकल्यावर दबत नाही. त्यानं रिकाम्या गाडीची उंची कायमची बदलते आणि सेन्सरला ती गाडी रोजच वेगळी वाटते. बफर घालायचाच असेल तर कॅलिब्रेशनचे पैसेही त्याच खर्चात धरा. मोटरला फिरायला मर्यादा असते हेही लक्षात ठेवा. क्षमतेपेक्षा जास्त माल भरल्यावर दिवे पुरेसे खाली येणार नाहीत, तिथे सेन्सर काही करू शकत नाही.

भंगार बाजारातून जुना सेन्सर घेताना पार्ट नंबर जुळवा आणि पट्टीची दिशा जुन्याशी ताडून बघा. डावा आणि उजवा, पुढचा आणि मागचा दिसायला एकसारखे असले तरी पट्टीचा कोन वेगळा असतो. फक्त दांडी मोडली असेल तर आधी दांडी सुटी मिळते का ते विचारा, काही गाड्यांना मिळते.

कधी बघायचं

मृगाच्या आधी एकदा, आणि खंडेनवमीला गाडी धुताना एकदा. पूजेसाठी आपण गाडी वरून चकचकीत करतोच, त्याच दिवशी खालूनही धुवा आणि संध्याकाळी भिंतीसमोर लावा. त्या सुमारास परतीचा पाऊस ओसरत आलेला असतो आणि ऊस वाहतूक सुरू व्हायची असते, म्हणजे दुरुस्तीला वेळ मिळतो. ज्यांची गाडी रोज शेतात जाते त्यांनी पावसाळ्यात दर सर्व्हिसिंगची वाट न पाहता चिखल बसला की धुवावा.

रात्री वाटेतच दांडी मोडली आणि दिवे वर गेले, तर सुरक्षित जागी, रस्त्यापासून बाजूला, इंडिकेटर लावून थांबा. पट्टी बाहेरून हाताला लागत असेल तर ती मधोमध धरून प्लॅस्टिकच्या टायनं बांधा, पण टाय किंवा पट्टी चाकाला, आर्मला घासत नाही ना ते बघा. दिवे एका जागी स्थिर राहतील. हे घरी पोचण्यापुरतं आहे. वेग कमी ठेवा, डिकीतलं जमेल तेवढं सामान पुढे घ्या.

गॅरेजमधून गाडी परत घेताना मेकॅनिकला म्हणा, “दादा, पैसे देतोच, पण आधी भिंतीवर दाखवा.” रिकामी गाडी, मग डिकीवर दोन माणसं, मग पुन्हा रिकामी. तिन्ही वेळा कड त्याच खुणेवर आली तर पैसे द्या.